बाटल्या बंद

पाण्यावरून मी पुष्कळ भांडले आहे. त्यातलं सगळ्यात मोठं भांडण ऑफिसात झालं, आणि तेही नोकरीला बरीच वर्षं झाल्यावर, जेव्हा माणसं पेन्शनचा विचार करू लागतात आणि तोंड मिटून बसतात. ते सांगायचं तर आधी माझे वडील कोण होते ते सांगायला हवं.

बाबा परळच्या एका मिलमध्ये फिटर होते. मूळचे मालवणकडचे. साचे चालवणारे कामगार वेगळे आणि बिघडलेलं यंत्र खोलून पुन्हा उभं करणारे वेगळे, बाबा दुसऱ्यातले. आम्ही करी रोडला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आई, बाबा, मी आणि धाकटा भाऊ. गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याची मिळून एक मोरी आणि तिथे दोन नळ. पाणी पहाटे यायचं आणि नीट उजाडायच्या आत जायचं. त्या तासाभरात कोण किती हंडे भरतं यावर बायकांची बारीक नजर असायची.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. सुरुवातीला मजाच वाटली. सगळ्यांचे वडील दिवसाउजेडी घरी, गॅलरीत पत्त्यांचे डाव. मग एकेक बिऱ्हाड गावी जायला लागलं. खोल्यांना कुलपं दिसू लागली. जे राहिले त्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ पेज. अशातच नळाला गढूळ पाणी येऊ लागलं. पहिल्या दिवशी बायकांनी फडकं दुहेरी बांधलं. चौथ्या दिवशी पाण्याला वास यायला लागला आणि चाळीतली निम्मी पोरं जुलाबांनी आडवी झाली. माझा भाऊही.

चाळमालकाचा माणूस आला. त्याने नळाखाली बोट धरलं, वास घेतला आणि म्हणाला, "संप मिटू दे तुमचा. मग बघू."

बाबा शांत माणूस. पण त्या दिवशी ते त्याच्या वाटेत उभे राहिले. "संप मिलमालकावांगडा आसा," ते म्हणाले. "पाण्यावांगडा कोणी संप करूक नाय."

तो माणूस हसून निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाबा आणि आणखी तिघे संपकरी कुदळ, फावडं घेऊन चाळीच्या मागच्या गल्लीत उतरले. दोन दिवस खणत होते. शेवटी सापडलं ते असं: पिण्याच्या पाण्याचा पाइप गटारातूनच गेला होता आणि गंजून त्याला बोटभर भोक पडलं होतं. पाण्याला जोर असेपर्यंत ते भोकातून बाहेर जायचं, पाणी गेलं की गटार आत यायचं. बाबांनी तेवढा तुकडा कापला, नवा जोडला, गटाराच्या वरून वळवून घेतला. मग मोरीतले सगळे नळ सोडून दिले. अर्धा तास पाणी नुसतं वाहत होतं आणि बायका ओरडत होत्या, "अहो, बंद करा, सगळं वाया चाललंय!" बाबा नळापाशी उभे राहिले आणि पाणी काचेसारखं होईपर्यंत कोणाला हंडा लावू दिला नाही.

मिलने बाबांना परत घेतलं नाही. घेतलेच नाहीत हजारो, त्यांतले हे एक. पण तोवर लालबागपासून दादरपर्यंतच्या चाळींत त्यांची ओळख झाली होती. खाकी पिशवीत दोन पाने, सुतळी, चामड्याच्या चकत्या घालून ते सकाळी निघायचे. शाळेत मुली मला 'नळवाल्याची' म्हणायच्या. मला लाज वाटायची, हे कबूल करते. फिटरची मुलगी म्हटलं तर चाललं असतं.

त्या लाजेचंच पुढे काय झालं बघा. मी ग्रॅज्युएट झाले, टायपिंग शिकले, फोर्टात एका कंपनीत लागले. तिथे साहेब लोकांच्या टेबलावर सीलबंद बाटल्या असायच्या. तेव्हा ते अप्रूप होतं. एके दिवशी मी तशी एक बाटली विकत घेऊन घरी आले आणि जेवताना ऐटीत ताटाशेजारी ठेवली. आईने हात लावला नाही. बाबांनी ती उचलली, उजेडासमोर धरली, फिरवून पाहिली.

"ह्यां खंयच्या नळाचां पाणी?" त्यांनी विचारलं.

"नळाचं नाही बाबा. कंपनीचं आहे. शुद्ध."

"कंपनीक पाणी खंयसून येता? आबाळातून?"

मी चिडून काहीतरी बोलले. आपल्याकडे घाणीतून पाइप जातात, असंही म्हणाले असेन. बाबांनी बाटली खाली ठेवली आणि जेवून उठले. त्यांना लागलं होतं हे मला कळलं, पण माफी मागायचं सुचलं नाही. लग्न झालं, चुनाभट्टीला संसार थाटला, माझ्या पर्समध्ये बाटली राहिलीच.

दरम्यान बाबांची मिल पाडली. चिमणी तेवढी काही वर्षं उभी होती, मग तीही गेली. तिथे काचेची इमारत झाली आणि आमच्या कंपनीने फोर्टातली जागा सोडून त्या इमारतीत नवव्या मजल्यावर ऑफिस थाटलं. मी तेव्हा ॲडमिनमध्ये होते. खुर्च्या, एसी, पाहुण्यांचा चहा, पॅन्ट्री, शिपायांच्या रजा, सगळं माझ्याकडे. मी रोज ज्या गेटातून आत जायची त्याच गेटातून बाबा पंचवीस वर्षं आत जात होते, हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं.

बाटल्यांची कल्पना माझी. दर मीटिंगला खुर्चीसमोर एक, पाहुणा गेटातून निघताना हातात एक. छोट्या, दोन घोटांच्या. त्यावर कंपनीच्या नावाचं निळं लेबल छापून घ्यावं, हेही मीच सुचवलं. लेबलाच्या निळ्या रंगासाठी मी प्रिंटरकडून तीनदा नमुने मागवले. मोठे साहेब खूश झाले. "मॅडम, ह्याला म्हणतात क्लास," म्हणाले. मीटिंग संपली की टेबलावर अर्ध्या प्यायलेल्या बाटल्या उरायच्या. पॅन्ट्रीतले काका उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतून बाटल्या काळ्या पिशवीत भरायचे. आठवड्याला किती पिशव्या जातात हे मला दिसत होतं. त्या कुठे जातात हा प्रश्न पडला नाही.

उत्तर मिळालं वरळी कोळीवाड्यात.

तिथे माझी एक मैत्रीण आहे. तिची आई आमच्या चाळीत मासळी विकायला यायची आणि ही परकर सावरत तिच्यामागून. संपाच्या दिवसांत तिची आई जाताना उरलीसुरली मांदेली न मागता आईच्या ताटलीत टाकून जायची. आम्ही दोघी एका वयाच्या, तेव्हापासूनची मैत्री. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या होत्या, त्यानंतरच्या एका रविवारी मी तिच्याकडे जेवायला गेले. ती घरात नव्हती. किनाऱ्यावर होती. तिच्या नवऱ्याची होडी नुकतीच लागली होती आणि जाळं वाळूवर पसरून ती, तिची जाऊ आणि सून निवडायला बसल्या होत्या.

मी वाकून पाहिलं. मला मासळी दिसेना. पिशव्या, चपला, थर्माकोल आणि बाटल्या. मधूनच एखादा बोंबील. तिच्या शेजारी बाटल्यांचा ढीग साठला होता.

ती मला बघून हसली नाही. तिने ढिगात हात घातला, एक बाटली काढली, अंगठ्याने चिखल पुसला आणि माझ्यासमोर धरली.

"हे तुजेच हापिसाचं ना गो?"

निळं लेबल. एका बाजूने सुटलेलं, पण रंग जराही गेला नव्हता. चांगला पक्का रंग मागून घेतला होता मी.

"परवा पन आल्ती," ती म्हणाली. "धा-बारा. मी सुनंला बोल्ली, ही माजे मैत्रिनीची. तिला दावू."

"आम्ही तर कचरेवाल्याला देतो," मी म्हणाले. माझंच मला पटलं नाही.

"तो कुटं टाकतो? नाल्यान. नाला कुटं जातो?" तिने मान समुद्राकडे केली. "आमचे जाल्यान. दोन तास निवडायचं, तवा एक पाटी मासली. आनि जालं फाटतं ते येगलं."

मी तिच्या शेजारी वाळूत बसले आणि निवडायला लागले. नवी साडी होती, ती खराब झाली. आमच्या लेबलाच्या सात बाटल्या मी वेगळ्या काढल्या आणि पिशवीत घालून घरी आणल्या. त्या दिवशी जेवताना ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली, वाढलं, आग्रह केला. तिने रागावून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी पहिलं काम केलं ते बाटल्यांची ऑर्डर बंद केली. मग सात बाटल्या न धुता तशाच घेऊन मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्या टेबलावर ओळीने मांडल्या. वाळू सांडली.

"हे काय आहे?"

"आपल्या बाटल्या, सर. वरळीच्या समुद्रातून आल्यात. आजपासून मीटिंगला नळाचं पाणी ठेवायचं. स्टीलचे जग, काचेचे ग्लास. आपल्याकडे दोन्ही आहेत."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी एक बाटली उचलून पाहिली, त्यांनाही ओशाळल्यासारखं झालं. पण लगेच म्हणाले, "मॅडम, समुद्राचं मला कळतं हो. पण पाहुण्यांना नळाचं पाणी? कोणी आजारी पडलं तर?"

"सर, तुम्ही गिरगावात वाढलात. तिथे कुठल्या बाटलीतून पीत होता?"

"तेव्हाची मुंबई वेगळी होती."

"पाणी त्याच तलावांतून येतं, सर."

त्यांनी हातातली बाटली परत ओळीत ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. पाणी तपासून घ्या. रिपोर्ट चांगला आला तर करा तुमचे जग. तोवर बाटल्या चालू."

मला रिपोर्टची खात्रीच होती. दादरला जाऊन महापालिकेच्या प्रयोगशाळेतून नमुन्याची बाटली आणली, तिथल्या बाईंनी सांगितलं तसा नळ आधी जाळाने तापवला, पाणी सोडलं, नमुना भरला, बर्फात ठेवून नेऊन दिला. चार दिवसांनी कागद हातात आला. पिण्यास अयोग्य.

मी तो रस्त्यात उभी राहून तीनदा वाचला.

साहेबांनी वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मी म्हटलं होतं ना?" एवढंच बोलले. बाहेर मात्र बातमी फुटली. "मॅडम आपल्याला नाल्याचं पाणी पाजणार होत्या," असं कोणी म्हणालं आणि जेवणाच्या टेबलावर हशा पिकला. मी पॅन्ट्रीत गेले. रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. पॅन्ट्रीतले काका ओट्याशी उभे राहून डबा खात होते. खाऊन झालं, त्यांनी नळाखाली ग्लास धरला, भरला आणि घटाघटा प्यायले.

"काका, तुम्ही हे पाणी पिता?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "मग काय पिणार? बाटल्या गेस्टच्या असतात ना. तुम्हीच सांगितलेलं."

खरंच, मीच सांगितलं होतं. लेखी सूचना काढली होती, पॅन्ट्रीच्या दारावर लावली होती. आणि याच काकांना गेल्या पावसाळ्यात मी केबिनमध्ये उभं करून झापलं होतं, कारण ते महिन्यात तिसऱ्यांदा पोटदुखीची रजा मागत होते. त्यांच्या फाइलमध्ये माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: वारंवार गैरहजर. मी खाली गेले. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला विचारलं. तोही तेच पाणी पीत होता. झाडूवाल्या बायका, लिफ्टवाला, एसीवाले, सगळे. अख्ख्या इमारतीत नळाचं पाणी पिणारी माणसं होतीच. फक्त ती मीटिंगला बसत नव्हती.

त्या संध्याकाळी मी चुनाभट्टीला गेलेच नाही. सरळ करी रोडला बाबांकडे गेले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा भावाकडे, त्याच चाळीत. मी त्यांच्यापुढे रिपोर्ट ठेवला आणि सगळं सांगितलं. कोळीवाड्यापासून काकांपर्यंत. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला.

"नमुनो खंयचो?"

"नवव्या मजल्यावरचा. पॅन्ट्रीतला."

"मगे पाणी वायट कशावरना म्हणतंस? रस्त्यावरसून येता त्यां तपासलंस?" त्यांनी चष्मा काढला. "उद्या माका घेवन चल."

दुसऱ्या दिवशी पंचाहत्तरीच्या घरातले माझे वडील धुतलेला शर्ट घालून, खाकी पिशवी खांद्याला लावून त्या गेटाशी आले. सिक्युरिटीवाल्याने रजिस्टर पुढे केलं. नाव, कोणाकडे, काम काय. बाबांनी सगळं सावकाश लिहिलं. मग वर काचेकडे पाहत म्हणाले, "हंय मी पंचवीस वर्सां येत होतंय. तेवा फाटकावर हजेरी लागा होती, आता नाव लिवन घेतत. चलांदे."

मी सिक्युरिटीवाल्याला सांगितलं, "हे माझे वडील. इथे मिल होती त्यात फिटर होते." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या गेटात मी हे वाक्य मोठ्याने बोलले. तो तरणा माणूस खुर्चीवरून उठून उभा राहिला.

बाबांनी आधी रस्त्याच्या बाजूला महापालिकेची लाइन आत येते तिथलं मीटर शोधलं. तिथल्या नळाचा नमुना आम्ही भरून घेतला. मग तळघरातली टाकी. पार्किंगच्या कोपऱ्यात, गाड्यांच्या मागे. बाबा टॉर्च लावून गुडघ्यांवर बसले. झाकण फुटलेलं होतं, त्यावर पुठ्ठा टाकून वर वीट ठेवलेली. बाबांनी पुठ्ठा बाजूला केला आणि मला टॉर्च दिली. मी आत पाहिलं. तळाशी गाळ होता, भिंतींना हिरवट थर, आणि पाण्यावर एक मेलेली पाल तरंगत होती.

"पाणी वायट नाय, चेडवा," बाबा म्हणाले. "टाकी वायट आसा."

मीटरचा रिपोर्ट आला. पिण्यास योग्य.

आता माझ्याकडे दोन कागद होते आणि कोणाला विचारायची गरज उरली नव्हती. इमारतीचा मॅनेजर वेगळा होता, सगळ्या कंपन्यांचा मिळून. त्याला मी दोन्ही रिपोर्ट दिले. तो म्हणाला, "टाकी रेग्युलर साफ होते, मॅडम. रेकॉर्ड आहे."

"पालीचं रेकॉर्ड आहे का?"

"मॅडम, वरती सगळे बाटलीच पितात. इश्यू काय आहे?"

इश्यू काय आहे. मी परत वर गेले, दोन्ही रिपोर्टांच्या मोठ्या झेरॉक्स काढल्या आणि खाली मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलं: 'रस्त्यावरून येणारं पाणी स्वच्छ आहे. आपल्या टाकीत येऊन ते घाण होतं. वर बाटल्या पितात म्हणून टाकीकडे कोणी बघत नाही, आणि त्या बाटल्या वरळीच्या समुद्रात जातात. टाकी साफ करा, बाटल्या बंद करा.' खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, कंपनीचं लिहिलं, मजला लिहिला. निनावी काही लिहायचं नव्हतं मला. तळमजल्यावर लिफ्टशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मी तो कागद चिकटवला. सिक्युरिटीवाला बघत होता. मग त्याने पाठ फिरवली आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. "मी काही पाहिलं नाही, मॅडम," म्हणाला.

दुपारपर्यंत मॅनेजरने तो फाडला. मी दुसरा लावला. तो संध्याकाळी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी येते तर सामानाच्या लिफ्टमध्ये एक, प्रत्येक मजल्याच्या जिन्यात एक, आणि तळघरात टाकीच्या भिंतीवर एक. मी लावले नव्हते. पॅन्ट्रीत काका नेहमीसारखे कप विसळत होते. त्यांच्या बोटांना डिंक होता.

साहेबांनी बोलावलं. या वेळी ते खरंच चिडले होते. "कंपनीचं नाव खाली लिहिलंत तुम्ही? इमारतीच्या मालकाचा मला फोन आला. ते कागद आजच्या आज काढा, आणि लेखी माफी."

पुढच्या वर्षी माझी बढती ठरलेली होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"सर, कागदात खोटं काय आहे ते दाखवा. मी तेवढं खोडते."

"प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही."

"माझा तोच आहे. आपले काका वर्षभर ते पाणी पितायत. मी त्यांच्या रजा कापल्या. माफी मागायची तर मी त्यांची मागेन, आणि ती कालच मागितली. मालकाची मागणार नाही. कागद टाकी साफ झाली की मी स्वतः काढीन."

ते माझ्याकडे बघत राहिले. ओरडतील असं वाटलं. "जा तुम्ही," म्हणाले.

तोवर इतर मजल्यांवरचे लोक खाली जाऊन टाकी बघून आले होते. कोणी फोटो काढले. सातव्या मजल्यावरच्या कंपनीत सगळ्यांनी मिळून पत्र दिलं. माझ्यावर हसणाऱ्यांपैकी एकीने त्या पाण्याने आपण रोज चूळ भरतो, कप धुतो, हे लक्षात आल्यावर पॅन्ट्रीत येऊन कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या दिवशी टाकी उपसायला माणसं आली. बाबांना मी बोलावलं नव्हतं, ते आपणहून आले. पार्किंगमध्ये उलट्या बादलीवर बसून त्यांनी ते काम शेवटपर्यंत करून घेतलं. माणसांनी दोनदा सांगितलं, "झालं, काका." दोनदा त्यांनी टॉर्च मारून कोपरा दाखवला. नवं लोखंडी झाकण बसलं, त्याला जाळी आणि कुलूप. मॅनेजर लांबून बघत होता. बाबांनी त्याला हाक मारून किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "दर तीन महिन्यांनी. नायतर हिचो कागद परत लागतलो."

पुन्हा नमुना, पुन्हा चार दिवस. पिण्यास योग्य. मी कबूल केल्याप्रमाणे एकेक कागद काढला आणि त्या जागी नवा रिपोर्ट लावला.

बाटल्यांची ऑर्डर मी दुसऱ्यांदा बंद केली आणि या वेळी कोणाला विचारलं नाही. पुढच्या मोठ्या मीटिंगला टेबलावर स्टीलचे जग होते. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने ग्लासकडे बघून विचारलं, "मिनरल वॉटर नहीं है?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनीच आपला ग्लास भरून घेतला. "बंबई का पानी है," ते म्हणाले. "हम लोग यही पीते हैं." आणि प्यायले. मी थक्क झाले. तोवर स्वतःच्या केबिनमध्ये ते बाटलीच ठेवत होते हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी चारचौघांत त्यांनी ते केलं, आणि मी ते विसरत नाही.

बढती मात्र मिळाली नाही. त्या वर्षीही नाही, पुढेही नाही. कारण कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काकांच्या फाइलमधला माझा शेरा मी खोडला, कारण लिहिलं, खाली सही केली. त्यांची पोटदुखी थांबली. कोळीवाड्यातल्या मैत्रिणीला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "तुजी बंद जाली गो. बाकीच्यांची?" बरोबर होतं तिचं. तिच्या नवऱ्याच्या जाळ्यात अजून बाटल्या येतात, दुसऱ्या लेबलांच्या. आमची एक इमारत सुधारली म्हणून समुद्र स्वच्छ झाला नाही, होणारही नव्हता. लोक मला हेच ऐकवतात: तुमच्या एकटीने काय फरक पडतो? मी म्हणते, मला एवढं माहीत आहे की त्या ढिगात माझी बाटली नाही. तुमची आहे का, ते तुम्ही बघा.

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. त्यांची मी माफी मागितली का, असं कोणी विचारेल. शब्दांत नाही. चुनाभट्टीहून आले की त्यांच्या मोरीतल्या पाण्याचा तांब्या भरून आधी मी प्यायची, त्यांच्यादेखत. ते बघायचे आणि रिकामा तांब्या माझ्या हातातून घ्यायचे.

गेल्या वर्षी भावाच्या मुलाचं लग्न झालं. दादरचा हॉल. भाऊ म्हणाला, "ताई, या वेळी तरी गप्प बस. मुलीकडचे काय म्हणतील? प्रत्येक पानाला बाटली ठेवतात आजकाल." मी म्हटलं, ठेव, मग मी जेवायला नाही, सकाळी अक्षता टाकून निघते. तो बिचारा दोन दिवस घुश्श्यात होता. शेवटी वहिनी मधे पडली आणि हॉलवाल्याला पिंपं भरून ठेवायला सांगितली. मी आदल्या दिवशी जाऊन हॉलची टाकी वर चढून पाहून आले. पन्नाशी उलटलेल्या बाईला शिडीवर बघून हॉलवाला घाबरला होता.

पंगतीत नवरीचे मोठे काका बसले होते. त्यांनी फुलपात्राकडे बघितलं, मग इकडे-तिकडे. "अहो, सीलबंद पाणी नाही का?"

भावाने डोळे मिटून घेतले. मी पुढे झाले.

"नाही ठेवलेलं, काका. हे नळाचं आहे, टाकी मी स्वतः बघितलीय. बाटलीच हवी असेल तर समोर दुकान आहे, तुम्ही आणू शकता. मी आणणार नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. बाजूची दोन-चार माणसं जेवायची थांबली. मग त्यांची बायको म्हणाली, "प्या हो गुमान. घरी काय पिता?"

सगळे हसले. त्यांनी फुलपात्र उचललं, रिकामं केलं आणि पुन्हा पुढे धरलं. मी जग घेऊन वाढत पुढच्या पानाकडे गेले.